सिलिकोनच्या ठोकळ्यातली धमनी

सिलिकोनचा पारदर्शक ठोकळा हातात घेतला की आतली वाट, म्हणजे मेंदूच्या धमनीची नक्कल, लगेच नजरेत भरते. साडेचार मिलिमीटर रुंदीची ती वाट खालून आत शिरते, नागमोडी वळते, पुढे तिला फाटे फुटतात आणि एका वळणाच्या कुशीला सात मिलिमीटरचा फुगवटा दिसतो. हा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा. आता ठोकळ्यामागे आलेखाचा कागद धरा. कागदावरच्या सरळ रेघा धमनीच्या कडेशी येतात आणि मोडतात, काही तर दोनदा दिसतात. मग त्या वाटेत नीट जमवलेला द्रव सोडा. द्रव चढेल तशा रेघा एकेक करून सरळ होत जातात आणि धमनी दिसेनाशी होते. ठोकळा भरीव वाटायला लागतो.

धमनी दिसेनाशी झाली की मोजमापाला सुरुवात करता येते. द्रवाचा आणि सिलिकोनचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो ते माप, एक झाला, तरच गोल भिंतीपाशी प्रकाश वाकत नाही आणि मोजणीसाठी द्रवात सोडलेला कण कॅमेऱ्याला जिथे दिसतो तिथेच खरोखर असतो. अपवर्तनांकात थोडी जरी तफावत राहिली, तरी सर्वात मोठी चूक नेमकी भिंतीजवळ होते. आणि हा सगळा खटाटोप भिंतीजवळच्या प्रवाहासाठीच असतो.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के, म्हणजे मिनिटाला ७०० ते ७५० मिली रक्त तिकडे जातं. हे रक्त नेणाऱ्या धमन्या कवटीच्या तळाशी एकमेकींना जोडून एक कडं तयार करतात. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने १६६४ साली ते कडं नीट मांडलं. त्याच्यासाठी चित्रं काढली ती पुढे लंडनचं सेंट पॉल चर्च उभारणाऱ्या क्रिस्टोफर रेनने. मृत शरीरातल्या धमनीत रंगीत द्रव सोडून तो दुसऱ्या बाजूने कुठे निघतो ते पाहणं, ही विलिसच्या गटाची पद्धत. आजच्या प्रयोगशाळेतल्या मॉडेलची मुळं मला तिथेच दिसतात. फरक इतकाच, की द्रव कुठे जातो यावर आता भागत नाही. तो भिंतीपाशी किती वेगाने सरकतो ते हवं असतं. पाठ्यपुस्तकात दिसतं तसं पूर्ण, सारख्या बाजूंचं कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. म्हणून ‘सरासरी मेंदू’चं मॉडेल शिकवायला ठीक आहे, प्रयोगाला बहुतेक वेळा एका विशिष्ट रुग्णाचाच आकार घ्यावा लागतो.

मेंदूच्या धमन्यांचं सगळ्या बाबतींत खरं असं मॉडेल कुणीही बनवू शकत नाही. आकार खरा हवा, भिंत खऱ्याइतकी मऊ हवी, पारदर्शक हवी, द्रव रक्तासारखा वाहायला हवा, कॅथेटर, म्हणजे धमनीतून सरकवायची बारीक नळी, आतून खऱ्यासारखा घसरायला हवा. यांतल्या दोन-तीन गोष्टी जमतात, बाकीच्या सोडाव्या लागतात. काय सोडायचं ते आधी ठरवलं की मॉडेल कामाचं होतं. आधी ठरवलं नाही तर ते मॉडेलच ठरवून टाकतं, आणि आपल्याला ते निकाल लिहिताना कळतं.

आकारापासून सुरू करू. सीटी अँजिओग्राफीत एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. फिरत्या यंत्रावर घेतलेल्या त्रिमितीय अँजिओग्राफीत तो ०.२ मिमीच्या आसपास येतो. पुढच्या दोन धमन्यांना जोडणारी छोटी धमनी एक-दीड मिलिमीटरची. म्हणजे सीटीत तिच्या वाट्याला दोन-तीन ठिपके, आणि त्यातले कडेचे अर्धे धमनीत, अर्धे बाहेर. स्लायसरसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उजळपणाची एक मर्यादा ठरवून धमनी वेगळी काढतात. ती मर्यादा जरा खाली घेतली की धमनी जाड होते आणि फुगा शेजारच्या फांदीला चिकटतो. जरा वर नेली की बारीक फांद्या तुटतात. चिकटलेला फुगा आणि फांदी हाताने सोडवावी लागतात. इथे न्यूरोरेडिओलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या स्कॅनच्या तज्ज्ञाला, शेजारी बसवण्याला पर्याय नाही, कारण मान, म्हणजे फुग्याचं तोंड, कुठे संपते आणि फांदी कुठे सुरू होते हे इंजिनिअरने अंदाजाने ठरवलं तर पुढचा सगळा प्रयोग त्या अंदाजाचा होतो.

मग पृष्ठभाग गुळगुळीत करायचा मोह. सॉफ्टवेअरमधली सर्वात सोपी, म्हणजे लाप्लासची पद्धत, फिरवेल तितक्या वेळा आकार आक्रसवते, आणि बारीक फांद्या आधी आक्रसतात. तौबिनची पद्धत हे आक्रसणं बऱ्याच अंशी टाळते. कोणतीही वापरा, पण आधीचं आणि नंतरचं घनफळ ताडून पाहा. एवढी काटेकोरी कशासाठी, तर ठरावीक प्रवाहाला भिंतीवरचा घर्षणताण, ज्याला सगळे वॉल शिअर म्हणतात, त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो. त्रिज्या १० टक्के कमी पडली तर वॉल शिअर ३७ टक्के वाढतो. साडेचार मिमीच्या धमनीत मिनिटाला २५० मिली रक्त वाहत असेल, तर तो ताण साधारण १.६ पास्कल भरतो. एका गुळगुळीत करण्याच्या फेरीत तो २.२ होऊ शकतो, आणि त्यात रुग्णाचा काहीही संबंध नसतो.

आता ओतकाम. धमनीच्या पोकळीचा भरीव गाभा छापायचा, त्याभोवती सिलिकोन ओतायचं, सिलिकोन घट्ट झालं की गाभा काढून टाकायचा. मूर्तिकार मेण वितळवून पितळ ओततात, तेच तत्त्व. प्रश्न एवढाच की गाभा कशाचा, कारण तो जसा असेल तसाच त्याचा ठसा आतल्या भिंतीवर राहतो.

एबीएस प्लास्टिक स्वस्त, प्रत्येक थ्रीडी प्रिंटरवर छापता येतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. पण छपाईचे ०.१ ते ०.२ मिमीचे थर आतल्या भिंतीवर खाचा म्हणून उमटतात आणि त्या खाचांवर मोजणीसाठी सोडलेला लेझर विखुरतो. त्यावर उपाय अ‍ॅसिटोनच्या वाफेचा: झाकणाच्या डब्यात, गाभ्याला द्रव लागू न देता, काही मिनिटं. मिनिट-दीड मिनिट जास्त झालं तर बारीक फांद्या लवतात आणि मानेची कड बोथट होते. मान हीच प्रवाह आत शिरण्याची जागा, म्हणून कड बोथट होण्यापेक्षा मी थोड्या खाचा पत्करेन.

पीव्हीए हे प्लास्टिक पाण्यात विरघळतं, त्यामुळे वास नाही, आग नाही. पण ते हवेतली ओल पितं. मुंबईच्या जुलैत उघडं ठेवलेलं पीव्हीएचं रीळ दुसऱ्या दिवशी छपाईत तडतडतं, तार सुटतात आणि गाभ्यात बुडबुडे राहतात. रीळ ४५ ते ५० अंशांवर काही तास सुकवायचं आणि सिलिका जेलच्या डब्यातूनच छपाईला न्यायचं. ओला गाभा सिलिकोनमध्ये गरम केला तर ती ओल वाफ होऊन भिंतीलाच फोड आणते. शिवाय पीव्हीए विरघळताना आधी बुळबुळीत होतं. अरुंद फांदीत तो चिकटा अडकून बसतो आणि पंपाने कोमट पाणी सतत फिरवल्याशिवाय निघत नाही.

मेणाचा गाभा सर्वात गुळगुळीत. दागिन्यांच्या ओतकामासाठी मेणात छापणारे प्रिंटर असतात आणि मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतल्या दागिन्यांच्या कारखान्यांत ते नेहमीचे आहेत. मेंदूच्या धमनीला लागते तेवढी बारीकी नक्षीच्या अंगठीलाही लागतेच. मेण पुढे गरम पाण्याने काढतात. भिंतीला तेलकट पापुद्रा राहतो, तो साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा लागतो. कमी तापमानाला वितळणारे मिश्रधातूही चालतात. त्यातला बिस्मथ, इंडियम आणि कथिलाचा फील्ड धातू ६२ अंशांना वितळतो आणि त्यात शिसं-कॅडमियम नसतं. वूड धातूत दोन्ही असतात, तो न वापरलेला बरा.

रेझिनमध्ये छापलेला गाभा दिसायला झकास, पण तिथे एक वेगळाच सापळा आहे. प्रवाहाच्या प्रयोगांना सर्रास वापरलं जाणारं सिलगार्ड १८४ हे सिलिकोन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं, आणि तो उत्प्रेरक फार सहज मरतो. रेझिनमधली उरलेली रसायनं त्याला मारतात, आणि गाभ्याला लागून असलेला सिलिकोनचा थर कायमचा चिकट राहतो. बाकी ठोकळा छान घट्ट, फक्त धमनीची भिंत चिकट: म्हणजे नेमकी हवी ती जागाच वाया. गंधकही मारतो, म्हणून लॅटेक्सचे हातमोजे चालत नाहीत, नायट्राइलचे घ्या. साच्याची फट बुजवायला मुलांची चिकणमाती वापरू नका, तिच्यातही गंधक असू शकतो. कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या सिलिकोनचा साचा चालत नाही, अमाइनही नाहीत. रेझिनच वापरायचं असेल तर ते अल्कोहोलमध्ये धुऊन, अतिनील प्रकाशात पूर्ण पकवून, ओव्हनमध्ये काही तास भाजून, वर अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर देऊन मगच सिलिकोनला भेटवायचं. आधी एका तुकड्यावर करून पाहा. २०० ग्रॅम सिलिकोन वाया घालवण्यापेक्षा ५ ग्रॅम बरं.

प्रमाण वजनाने १० भाग मूळ द्रव, १ भाग घट्ट करणारा. ८०×६०×४० मिमीच्या ठोकळ्याला १९२ मिली लागतं, घनता १.०३, म्हणजे जवळपास २०० ग्रॅम. भांड्याला चिकटणारं धरून २०० आणि २० ग्रॅम घ्या. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत पाच मिनिटं तरी ढवळा, कारण कमी ढवळलेलं सिलिकोन घट्ट झाल्यावर प्रकाशात लहरी दाखवतं. ढवळताना भरपूर हवा शिरते. व्हॅक्यूमच्या डब्यात ठेवलं की ते दूध उतू जावं तसं वर येतं, म्हणून भांडं चौपट मोठं घ्यायचं, आणि फेस काठाशी आला की झटकन थोडी हवा आत सोडायची. फेस मोडतो, पुन्हा चढतो. हे अर्धा तास चालतं. घाई नाही, पण रेंगाळूही नका: २५ अंशांना साधारण दीड तासात द्रव ओतण्यापलीकडे दाट व्हायला लागतो.

ओतताना साचा कलता धरून एकाच कोपऱ्यातून बारीक धार सोडायची, म्हणजे द्रव खालून वर चढतो आणि हवा पुढे ढकलत नेतो. गाभ्याची बाजू कुठे ठेवायची ते आधीच ठरलेलं हवं. जी पोकळी खाली तोंड करून असते तिथे बुडबुडा अडकतो, आणि फुगा व धमनी यांच्यामधली मानेजवळची खाच ही त्यातली सर्वात वाईट. ती वर किंवा आडवी येईल असा गाभा बसवा. साच्याच्या बाजू चकचकीत अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याच्या घ्या, करवतीच्या खुणा असलेल्या नकोत. त्यांची नक्कल जशीच्या तशी ठोकळ्यावर येते आणि मग बाहेरूनच काही नीट दिसत नाही. आणि अ‍ॅसिटोनची पाळी यायच्या आत ठोकळा साच्यातून काढा. अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिकलाही खातं.

१०० अंशांच्या ओव्हनमध्ये हे सिलिकोन ३५ मिनिटांत घट्ट होतं, आणि घाईत असलेला प्रत्येक विद्यार्थी तेच करायला जातो. पण सिलिकोन तापल्यावर बरंच प्रसरण पावतं. १०० अंशांवर घट्ट झालेला ठोकळा खोलीच्या तापमानाला आला की लांबीत दोन टक्क्यांहून जास्त आक्रसतो, त्रिज्येसकट. त्रिज्येच्या घनाचा हिशेब लावा: ६ ते ७ टक्के वॉल शिअर नुसत्या ओव्हनच्या पायी. खोलीच्या तापमानाला ४८ तास ठेवलं तर हे टळतं, मेणही वितळत नाही. पूर्ण कणखरपणा यायला मात्र आठवडा द्यावा.

एबीएसचा गाभा काढताना ठोकळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून दिवसभर विसरून गेलं तर गाभा विरघळण्याआधी फुगतो आणि फाट्याच्या टोकाशी सिलिकोनला चीर पाडतो. त्यापेक्षा दोन्ही तोंडांतून सिरिंजने ताजं अ‍ॅसिटोन थोडं थोडं सोडत, गढूळ झालेलं काढत जावं. शेवटच्या दोन-तीन धुण्याला अगदी स्वच्छ अ‍ॅसिटोन हवं. विरघळलेलं प्लास्टिक आत असताना ते सुकलं तर भिंतीवर दुधी पापुद्रा बसतो, जो मग निघता निघत नाही. अ‍ॅसिटोनने सिलिकोन सुमारे ६ टक्के फुगतं, सुकलं की परत येतं. त्या दिवशी मापं घेण्यात अर्थ नाही. खिडक्या उघड्या, ठिणगी नाही, हे सांगायला नको.

आता द्रव, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक भाग इथे आहे. रक्ताची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, साधारण साडेतीन मिलिपास्कल-सेकंद, घनता १.०६. सिलगार्डचा अपवर्तनांक १.४१ च्या आसपास. पाण्यात वजनाने ६० टक्के ग्लिसरीन घातलं की अपवर्तनांक १.४१३ वर येतो, पण २५ अंशांना व्हिस्कॉसिटी ८.८ वर जाते, रक्ताच्या अडीच पट. ४० टक्के घातलं तर व्हिस्कॉसिटी रक्ताजवळ येते पण अपवर्तनांक १.३८ वर थांबतो आणि आलेखाच्या रेघा मोडलेल्याच राहतात. ग्लिसरीन आणि पाणी एवढ्यावर दोन्ही कधीच साधत नाही.

एक सुटका म्हणजे मॉडेल मोठं करणं. रेनॉल्ड्स (प्रवाहाचा जोर द्रवाच्या दाटपणाच्या तुलनेत) आणि वोमर्स्ली (नाडीच्या ठोक्यांचा जोर दाटपणाच्या तुलनेत) हे दोन अंक जुळले की लहान आणि मोठ्या धमनीतला प्रवाह एकसारखा वागतो. साडेचार मिमीच्या धमनीत, मिनिटाला २५० मिली प्रवाहाला आणि ७० ठोक्यांना रेनॉल्ड्स अंक साधारण ३५० आणि वोमर्स्ली ३.३ भरतो. ६० टक्के ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी भागिले घनता रक्ताच्या २.३ पट. धमनी दुप्पट मोठी छापली, तर नाडी २.३ भागिले ४, म्हणजे मिनिटाला ४० ठोके ठेवायची, वेग १.१५ पट आणि एकूण प्रवाह ४.६ पट, मिनिटाला ११५० मिली. अंक जुळले, कॅमेऱ्याला आतलं सगळं दुप्पट मोठं दिसतं, छपाईच्या खाचा तुलनेने निम्म्या झाल्या. प्रवाहच पाहायचा असेल तर मला हा रस्ता सर्वात प्रामाणिक वाटतो. फक्त खरा स्टेंट किंवा खरी कॉइल (फुग्यात भरायची तारेची गुंडाळी) त्यात बसवता येत नाही, कारण त्या दुप्पट मोठ्या मिळत नाहीत.

उपकरण तपासायचं असेल तर मॉडेल खऱ्या मापाचंच हवं, आणि मग तिसरा पदार्थ लागतो: सोडियम आयोडाइड. वजनाने पाणी ४७.४, ग्लिसरीन ३६.९, सोडियम आयोडाइड १५.७ टक्के. अपवर्तनांक १.४१४, व्हिस्कॉसिटी ४.३, घनता १.२४४. व्हिस्कॉसिटी भागिले घनता केलं की रक्ताच्या ५ टक्क्यांच्या आत. हे प्रमाण सुरुवात म्हणून घ्या. सिलिकोनचा अपवर्तनांक घाण्यागणिक किंचित बदलतो, म्हणून द्रव शेवटी आपल्या ठोकळ्याशी जमवायचा, छापील आकड्याशी नाही. रेघा एका बाजूला वाकत असतील तर थोडं पाणी, दुसऱ्या बाजूला असतील तर थोडं सोडियम आयोडाइड. आणि शेवटची खात्री लेझरच्याच हिरव्या प्रकाशात करायची, कारण अपवर्तनांक रंगागणिक बदलतो.

सोडियम आयोडाइडची खोड अशी की हवा आणि प्रकाश लागला की आयोडिन सुटून द्रव पिवळा, मग चहाच्या रंगाचा होतो आणि हिरवा लेझर गिळतो. चिमूटभर सोडियम थायोसल्फेट टाकलं की रंग जातो. तरी साठवण काळ्या बाटलीतच करा. शिवाय साध्या लोखंडाचे आणि पितळेचे भाग ते खातं. आणि महाग आहे. युरिया हा स्वस्त पर्याय: पाणी, ग्लिसरीन आणि युरियाने अपवर्तनांक जमतो आणि घनताही रक्ताच्या जवळ राहते. पण कृषी सेवा केंद्रातलं पोतं आणू नका. आपल्याकडे २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाचं लेपण करूनच येतो आणि त्याचा द्रव स्वच्छ होणार नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचाच घ्या. विरघळताना युरिया द्रवाला चांगलाच गार करतो. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत अपवर्तनांक किंवा व्हिस्कॉसिटी मोजायची नाही.

तापमानाचं तर सतत लक्ष ठेवायला लागतं. ग्लिसरीनच्या मिश्रणाची व्हिस्कॉसिटी अंशाला दोन-तीन टक्के उतरते. पुण्यात एप्रिलमध्ये एसी बंद असलेल्या खोलीत सकाळी आणि दुपारी सहज पाच-सहा अंशांचा फरक पडतो, त्यात पंपही द्रव तापवतो. टाकी पाण्याच्या कुंडात २५ अंशांवर धरून ठेवणं हा यावरचा साधा उपाय. टाकीला झाकण हवं, नाहीतर पाणी उडून अपवर्तनांक हळूहळू वर सरकतो.

पंपाचं थोडक्यात. प्रोग्रॅम करता येणारा गिअर पंप चांगला. नळी दाबत फिरणारा पंप स्वतःचेच ठोके मिसळतो, तो फक्त टाकी भरायला ठेवा. धमनीच्या आधी सरळ नळी हवी. रेनॉल्ड्स ३५० ला आणि साडेचार मिमीला ती साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येते, तेव्हा कुठे प्रवाह स्थिरावतो. भरण्याआधी मॉडेलमधून कार्बन डायऑक्साइड फिरवा: उरलेला वायू मग द्रवात विरघळून जातो. फुग्याच्या माथ्याशी अडकलेला एक बुडबुडा भिंगासारखा वागतो आणि दर ठोक्याला दबतो-फुगतो, म्हणजे कडक मॉडेलला नसलेला मऊपणा चिकटवतो. दोन फाट्यांत प्रवाह कसा वाटला जातो ते दोन बीकर मिनिटभर धरून वजनाने बघावं. इथे चूक फार होते: द्रवाची घनता १.२४४ आहे, काट्यावरचे ग्रॅम म्हणजे मिली नव्हेत. ती चूक २४ टक्क्यांची असते आणि पुढचा प्रत्येक आकडा ती सोबत नेतो.

मग कण सोडायचे. साधारण १० मायक्रॉनचे काचेचे पोकळ गोळे, घनता १.१. ते या जड द्रवात वर तरंगतात, पण सेकंदाला दोन मायक्रॉनही नाही. प्रयोगापुरते ते द्रवासोबतच आहेत असं धरता येतं. रात्रभर ठेवले तर मात्र सगळे वर जमलेले दिसतील. हिरव्या लेझरचा पातळ पडदा धमनीतून जातो, कॅमेरा लागोपाठ दोन चित्रं घेतो, आणि संगणक ३२×३२ ठिपक्यांच्या चौकटी धरून कण किती सरकले ते काढतो. भिंतीवरून परतणारी चमक फार त्रास देत असेल तर ऱ्होडामिन हा रंग भरलेले, नारिंगी चकाकणारे कण घ्या आणि कॅमेऱ्यासमोर फक्त नारिंगी जाऊ देणारी काच लावा.

खरी अडचण दोन चित्रांमधल्या वेळेची. चौकटीच्या चौथाईइतकं, म्हणजे ८ ठिपके, कण सरकला तर मोजणी चांगली होते. एक ठिपका १५ मायक्रॉनचा असेल तर ते १२० मायक्रॉन, आणि मुख्य धमनीत वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल तर दोन चित्रांत २४० मायक्रोसेकंद. पण फुग्यात वेग दहापट कमी असतो. तिथे तोच कण त्या वेळेत एक ठिपकाही सरकत नाही आणि जे दिसतं तो नुसता गोंगाट. म्हणून धमनीसाठी एक वेळ, फुग्यासाठी दुसरी, असं दोनदा चित्रण करावं लागतं. ज्या रंगीत चित्रात धमनी आणि फुगा दोन्ही एकाच छान नकाशात दिसतात, तिथे ही वेळ कशी निवडली ते मी आधी शोधतो. शिवाय ती ३२ ठिपक्यांची चौकट म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर. भिंतीलगत वेग शून्यावर उतरतो तो सगळा उतार त्या एका चौकटीत मावतो, त्यामुळे मोजलेला वॉल शिअर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच येतो. रंगीत नकाशावर हे दिसत नाही.

तरी जे दिसतं त्याने डॉक्टरांना उपयोग होतो. बाजूला आलेल्या फुग्यात रक्त मानेच्या पुढच्या, म्हणजे प्रवाहाच्या दिशेकडच्या ओठावर आपटून आत शिरतं, आत गोल फिरून मागच्या ओठाशी बाहेर पडतं. फाट्याच्या टोकावरच्या फुग्यात धार थेट माथ्याकडे जाते. गुईडो गुग्लिएल्मींच्या प्लॅटिनमच्या कॉइल १९९० साली लॉस एंजेलिसला माणसांवर पहिल्यांदा वापरल्या गेल्या. त्या फुगा आतून भरतात. त्यानंतर आलेल्या पाइपलाइनसारख्या बारीक जाळीच्या नळ्या, अमेरिकेत २०११ पासून, फुग्याला हातच लावत नाहीत. मुख्य धमनीत बसून ४८ तारांच्या विणीने त्या आत शिरणारी धार मोडतात. जाळी वळणाच्या बाहेरच्या बाजूला विरळ होते आणि आतल्या बाजूला दाट. मान बाहेरच्या बाजूला असली तर उपाय कमी पडू शकतो. हे ठोकळ्यात स्वच्छ दिसतं.

डॉक्टरांच्या सरावासाठी मात्र हा ठोकळा निरुपयोगी. कडक सिलिकोनची भिंत कॅथेटरला चिकटून धरते. खरी धमनी आतून निसरडी असते. साबणाचं पाणी भरलं तर काम भागतं, पण हाताला जो अंदाज बसतो तो साबणाच्या प्रमाणाचा असतो. शिवाय खरी धमनी कॅथेटरच्या ताठपणाने सरळ होते, ठोकळ्यातली होत नाही, त्यामुळे वळणं खऱ्यापेक्षा अवघड वाटतात. सरावाला पातळ भिंतीचं, मोकळं लोंबणारं मॉडेल हवं. गाभ्यावर सिलिकोनचे थर ब्रशने किंवा बुडवून चढवतात आणि घट्ट होईपर्यंत तो सावकाश फिरवत ठेवतात. फिरवणं थांबलं की सिलिकोन खालच्या बाजूला साचतं. रक्ताची गुठळी ओढून काढण्याचा सराव असेल तर जनावराच्या रक्तापासून गुठळ्या बनवतात: सायट्रेटने पातळ ठेवलेल्या रक्तात कॅल्शियम क्लोराइड आणि रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन. तांबड्या पेशी जास्त ठेवल्या तर मऊ आणि सहज तुटणारी, कमी ठेवल्या तर पांढरट, चिवट, भिंतीला धरून बसणारी. दोन्ही हव्यात, कारण एकीवर यशस्वी झालेलं उपकरण दुसरीवर हमखास अडखळतं.

पातळ भिंतीच्या मॉडेलमध्ये जाडी किती ठेवायची, या प्रश्नाला स्कॅनकडे उत्तर नाही. स्कॅनमध्ये पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली त्याच फुग्यावर कुठे लालसर, इतकी पातळ जागा की आतलं रक्त दिसतं, तर कुठे पांढरा जाड चट्टा असतो. मॉडेलवाला सगळीकडे एकच जाडी देतो, आणि प्रत्यक्षात ब्रशने तीही एकसारखी बसत नाही. म्हणून दर ठोक्याला फुगा किती हलतो याचे आकडे देणाऱ्या मॉडेलचा प्रयोग संपला की ते कापायला हवं. नव्या पात्याने, करवतीसारखं न घासता एका दाबात, मानेपासून माथ्यापर्यंत दोन-दोन मिलिमीटरवर. प्रत्येक चकती मोजपट्टीसकट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फोटो काढा आणि चार बाजूंची जाडी तक्त्यात लिहा. हातात छान मॉडेल उरत नाही, पण हालचालीचे आकडे कुठल्या जाडीचे होते ते तरी लिहिलेलं राहतं.